रोग आणि दुखणे

रोग आणि दुखणे हे शब्द कोशात शेजारी शेजारी बसतात. बोलण्यात मात्र त्यांची बैठक निराळी आहे. रोग जडतो, त्याचे निदान होते, त्यावर इलाज चालतो. दुखणे येते, माणूस ते अंगावर काढतो, त्यातून उठतो किंवा अंथरूण धरतो. आणि दुखणाइताचे करणारे कोणीतरी घरात असावे लागते. कोणाचे दुखणे, कोणत्या घरातले, कशाच्या मागून आलेले, हे सांगितल्यावाचून दुखणे सांगून होतच नाही. अमेरिकेतील मनोवैद्य व मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन ह्यांनी लिऑन आयझेनबर्ग व बायरन गुड ह्या सहकाऱ्यांसह १९७८ साली लिहिलेल्या निबंधात नेमका हाच भेद मांडला. वैद्यास दिसतो तो रोग, रोगी भोगतो ते दुखणे. पहिल्याचा उपचार झाला म्हणजे दुसऱ्याचा झालाच असे नव्हे, हे त्यांचे सांगणे. त्यासाठी त्यांना इंग्रजीतील दोन जवळजवळ समानार्थी शब्दांना वेगळाले अर्थ नेमून द्यावे लागले. मराठीत ते काम भाषेने आधीच करून ठेवले होते.

भाषेने करून ठेवलेल्या ह्या कामाचा आमच्या वाङ्मयाने उपयोग किती केला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यातही आपला मुलूख सोडून दूर राहणाऱ्या माणसाचे दुखणे मराठी लेखणीने कितपत ऐकले, हे आम्हांस पाहावयाचे आहे. बदलीच्या गावी उमेदीची वर्षे काढणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रश्न केवळ वाङ्मयीन वाटणार नाही.

परमुलखातील मराठी दुखणाइताचा विचार करू लागताच पहिले नाव आठवते ते डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे. त्यांची ओळख आपण पहिल्या मराठी स्त्री-डॉक्टर म्हणून करून देतो. त्या तितक्याच परमुलखातील रोगीही होत्या, हे आपण ओघाने सांगतो आणि पुढे जातो. त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते; बदल्यांमागून हे बिऱ्हाड मुंबई इलाख्यातून कच्छ-भूजला आणि तेथून बंगालला गेले. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी सामानाच्या पेट्या ज्या रीतीने कधी पुरत्या उघडल्या जात नाहीत, तीच रीत त्या घराची असणार. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. कलकत्त्यास असताना डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप आणि धाप ह्यांनी आनंदीबाईंना ग्रासले. तेव्हा त्यांच्यासाठी औषधे आली ती अमेरिकेहून. दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता एका मिशनरी मासिकातील पत्रव्यवहार वाचून ज्यांना ह्या मुलीविषयी आपुलकी वाटली, त्या थिओडिशिया कार्पेंटर ह्यांनी ती पाठविली. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. औषधांचा गुण आला नाही. पण समुद्रापलीकडच्या एका परक्या स्त्रीने प्रकृती कशी आहे असे पत्रोपत्री विचारावे, ही गोष्ट औषधाहून लहान नव्हती.

१८८३ साली त्या निघाल्या. आपल्याकडील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे उघड करण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून स्त्री-डॉक्टर हव्यात, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका आपण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ती फारशी कोणी वाचली नाही. रोग्याला स्वीकारता येणार नाही असा उपचार शास्त्रशुद्ध असूनही उपचार ठरत नाही, हे तिचे सार आहे. रोग्याची भाषा, रीतिभाती, लाज, श्रद्धा ध्यानात घेऊन उपचार करावा, असे आज जगभर शिकविले जाते. कल्याणास जन्मलेली एक अठरा वर्षांची मुलगी हे श्रीरामपूरच्या टपालकचेरीशेजारच्या जगातून निघताना जाणून होती. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची एम.डी. पदवी त्यांना मिळाली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्यात त्यांनी आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके ह्या दोहोंचा आधार घेतला. थंडी आणि न मानवणारे अन्न ह्यांनी तोवर प्रकृती पुरती खालावली होती. कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक केली. पण काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचे निधन झाले. तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

ह्या आयुष्यावरील तीन पुस्तके आम्ही नुकतीच पुन्हा समोर ठेवली. पहिले कॅरोलाइन हीली डॉल ह्या अमेरिकन लेखिकेचे, १८८८ साली बॉस्टनला प्रसिद्ध झालेले इंग्रजी चरित्र, दुसरे त्यानंतर थोड्याच वर्षांत आलेले काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र, तिसरी श्री. ज. जोशी ह्यांची १९६८ सालची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी. डॉलबाईंचा वाचक अमेरिकन आहे. त्यामुळे आपल्याला जे सांगावे लागत नाही ते त्या समजावून देतात, आणि आपल्याला जे कळावयास हवे, म्हणजे त्या देशातील राहणी, ऋतू, जेवणाचे ताट, ते गृहीत धरतात. काशीबाईंचा हात स्त्रीचा आहे, आणि त्यांनी पत्रांना जागा दिली आहे. त्यामुळे दुखणाइताचा स्वतःचा आवाज मराठीत सर्वांत जवळून ऐकू येतो तो तेथे. श्री. ज. जोशींच्या कादंबरीचे सामर्थ्य दोन स्वभावांच्या झुंजीत आहे. नावातच गोपाळ आहे आणि आमच्या मते कादंबरीचा प्राणही गोपाळरावांतच आहे. हट्टी, विक्षिप्त, प्रेमळ आणि निर्दय अशा त्या माणसाने मराठी वाचकास जे वेड लावले ते योग्यच आहे. मात्र आनंदीबाईंचे आजारपण त्या रचनेत शोकान्तिकेच्या अखेरच्या अंकासारखे येते. ते आपल्याला रडवते. काही विचारावयास लावीत नाही.

तिन्ही पुस्तकांची योग्यता मान्य करूनही आमची तक्रार एक आहे. परदेशातील ह्या दुखण्याला तिन्हींतून कमीअधिक प्रमाणात एकच नाव मिळते, ते म्हणजे त्याग. त्याग म्हटला की हात जोडावयाचे आणि प्रश्न संपवावयाचा. तेथे तिला काय खावयास मिळाले असते तर तग धरता आला असता? उबेची दुसरी सोय काय होती? प्रकृती ढासळत असल्याचे ती कोणाजवळ, कोणत्या भाषेत आणि किती मोकळेपणाने बोलू शकत होती? हे प्रश्न रुक्ष वाटतील. पण दुखणे म्हणजे हेच प्रश्न. १८८५ च्या ऑक्टोबरातील एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबूली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात ओळीने बसल्या आहेत. आपण त्यात तीन देशांचा गौरव पाहतो. तीन परक्या मुली तेथे आजारी पडत तेव्हा त्यांना काय वाटत असेल, असे ते चित्र पाहून कोणाच्या मनात आले, तर त्या क्षणी तो खरा वाचक झाला असे आम्ही म्हणू.

वैद्य दुखण्याचा रोग करतो आणि लेखक त्याचा त्याग करतो. दोघांच्याही हातून मूळचे बोलणे निसटते. ह्याला अपवाद आमच्याकडे नाहीत असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आजार, उपासमार, मृत्यू सारे आहे, पण लक्ष्मीबाई सोसण्याचा देव्हारा मांडीत नाहीत. काय झाले ते सांगतात, प्रसंगी हसतात आणि पुढे जातात. हा सूर मात्र आमच्याकडे परंपरा होऊ शकला नाही. परंपरा झाली ती सोशिकपणाच्या स्तुतीची.

परमुलखातील दुखणे मुळापासून ऐकणारे पुस्तक कसे असते, ह्याचा नमुना १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅन फॅडिमन ह्यांच्या इंग्रजी ग्रंथात मिळतो. लाओसमधून निर्वासित होऊन कॅलिफोर्नियातील मर्सेड गावी आलेल्या एका ह्मोंग कुटुंबात १९८२ साली लिया नावाची मुलगी जन्मली. तिला अपस्मार होता. आईबापांच्या समजुतीप्रमाणे दार आपटल्याच्या आवाजाने भिऊन तिचा आत्मा पळाला होता. त्यांच्या भाषेत ह्या दुखण्याचे नावच मुळी ‘भूत धरते आणि तुम्ही पडता’ अशा अर्थाचे आहे, आणि तेच पुस्तकाचे नाव झाले. डॉक्टर मन लावून काम करणारे होते. चार वर्षांत त्यांनी औषधांची योजना तेवीस वेळा बदलली. आईबापांस वाचता येत नव्हते आणि दुभाषा बहुधा नसे. औषधे नीट दिली जात नाहीत म्हणून मुलीला काही काळ परक्या घरी ठेवण्यात आले. १९८६ च्या अखेरीस तिचा मेंदू कायमचा निकामी झाला. त्या स्थितीत घरच्यांनी तिचे सारे केले. २०१२ साली ती वारली.

फॅडिमनबाईंचे यश हे की, त्या कोणालाही खलपुरुष करीत नाहीत. डॉक्टरांची तळमळ आणि आईबापांचे प्रेम दोन्ही खरे, आणि तरीही मुलगी हातची गेली, हे त्या शेवटपर्यंत आपल्यापुढून हलू देत नाहीत. ह्या पुस्तकात क्लाइनमन पुन्हा भेटतात. रोग्याला विचारावयाचे काही साधे प्रश्न त्यांनी ठरविले होते : तुम्ही ह्याला काय म्हणता, कशाने झाले असे तुम्हांस वाटते, ते तेव्हाच का सुरू झाले, तुम्हांला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, उपचारातून काय साधावे असे वाटते. लियाच्या आईबापांकडे ह्या प्रश्नांची उत्तरे तयार होती. ती वेळीच कोणी विचारली नाहीत. रोग्याइतकीच वैद्यकाचीही स्वतःची एक संस्कृती असते आणि ती तितकीच हट्टी असते, हेही क्लाइनमन तेथे बजावून सांगतात.

हा विचार परदेशातून आयात झाला असे मात्र कोणी समजू नये. त्याची काही महत्त्वाची पाने आम्ही राहतो त्या कर्नाटकातच लिहिली गेली आहेत. कार्स्टेअर्स आणि आर. एल. कपूर ह्या मनोवैद्यांनी दक्षिण कन्नड किनाऱ्यावरील कोटा ह्या गावात राहून केलेला अभ्यास १९७६ साली ग्रंथरूपाने आला. गावातील लोक वैद्य, मांत्रिक आणि अंगात येणारा पात्री ह्यांच्याकडे जात, तसेच नव्या पद्धतीच्या डॉक्टरकडेही जात, आणि त्यात त्यांना कसलीच विसंगती वाटत नसे, असे कपूरांना आढळले. हेच कपूर पुढे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत प्राध्यापक झाले. त्याच जिल्ह्यातील हव्यक ब्राह्मण स्त्रियांविषयी मार्क निक्टर ह्यांनी १९८१ साली लिहिलेला निबंध तर जगभर आधारभूत मानला जातो. घरातील दुःख उघड बोलण्याची सोय नसलेली स्त्री ते उपासातून, उतरत्या वजनातून, मडीच्या म्हणजे आपल्या सोवळ्याच्या अतिरेकातून, देहाच्या तक्रारींतून बोलते, असे त्यांनी दाखविले. ही दुःखाची बोली आहे, असे त्यांचे म्हणणे. आमच्या आज्या-पणज्यांना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही बोली अपरिचित वाटणार नाही.

आता ह्या साऱ्याचा पडताळा देणारी एक हकीकत सांगतो. ती आमच्या परिचयातील एका अधिकाऱ्यांच्या घरची आहे. वडील गेल्यावर त्यांनी आईंना सातारा जिल्ह्यातील खेड्यातून बंगळूरला आणले. आईंना कित्येक वर्षांचा मधुमेह. येथे एका मोठ्या रुग्णालयात त्यांची तपासणी झाली, गोळी बदलली आणि ती एकही दिवस चुकवावयाची नाही अशी ताकीद मिळाली. मुलाने ती ताकीद निष्ठेने पाळली. काही दिवसांनी एका संध्याकाळी आईंना दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले. ‘जीव घाबरा होतो’ असे त्या म्हणाल्या. महिन्याने पुन्हा तेच, त्यानंतर पुन्हा. प्रत्येक वेळी रुग्णालयात पोचेपर्यंत बरे वाटू लागलेले असे. हृदयाचा आलेख ठीक, साखर ठीक. मुलाने आईचे शब्द इंग्रजीत सांगितले, आणि ‘घाबरा’ ह्या शब्दाचे त्याने केले ते भाषांतर भयाचे होते. अर्थातच निदान झाले की, वैधव्य आणि परके गाव ह्यांमुळे मनाने घेतले आहे. मन शांत करणारी आणखी एक गोळी सुरू झाली. एकदा तेथील आयाने आपुलकीने कन्नडमध्ये विचारले, ‘सुस्तु आगत्ता?’ म्हणजे थकवा येतो का? आईंना त्यात आपली सुस्ती ऐकू आली. त्यांनी ठणकावून सांगितले, ‘मी सुस्त नाही, पहाटे पाचला उठते.’ थकवा नाही अशी नोंद झाली असावी.

चौथ्या खेपेस बेळगावकडची एक परिचारिका कामावर होती. तिने नाडी पाहता पाहता विचारले, ‘आजी, आज संकष्ट न्हवं? पोटात काय गेलंय काय सकाळपास्नं?’ आणि उलगडा झाला. आई संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्यावाचून काही घेत नसत. पोटात अन्न नसताना साखर खाली आणणारी ती गोळी मात्र सकाळीच घेतली जाई. संध्याकाळपर्यंत साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरे. चंद्र दिसला की उपास सुटे आणि रुग्णालयातील तपासणीच्या वेळी सारे ठीक दिसे. गावाकडे वर्षानुवर्षे हाच उपास चालला होता, कारण तेथील डॉक्टरांना ठाऊक होते आणि ते सांगत, ‘आज गोळी नको.’ दिनदर्शिका भिंतीवर टांगलेली होती. तिच्याकडे ना मुलाने पाहिले ना डॉक्टरांनी. ‘तुम्ही सांगितले का नाही?’ असे विचारल्यावर आई म्हणाल्या, ‘मला कोणी विचारलं?’

ह्या हकीकतीतील सर्वांत बोचणारा भाग असा की, येथे संस्कृतीची दरी मुळी नव्हतीच. संकष्टी कर्नाटकातही पाळली जाते. त्या डॉक्टरांच्या स्वतःच्या घरी ती पाळली जात असणे अगदी संभवनीय आहे. गावाकडच्या डॉक्टरांचे ज्ञान अधिक होते असेही नाही. त्यांना ती बाई माहीत होती, येथे केवळ तिची साखर माहीत होती. आणि दुभाषाचे काम करणारा मुलगा आईचे बोलणे पुढे पोचविण्याऐवजी त्याचा अर्थ पोचवीत होता. जीव घाबरा होणे म्हणजे भिणे नव्हे. जीव हा आमच्या भाषेत छातीत असतो, पोटात असतो, मुलांत असतो, गावात असतो. तो खालीवर होतो, कासावीस होतो, रमत नाही. त्याला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा घाम, कंप, वेळ आणि वार सांगितले असते तर डॉक्टरांना त्याचा अधिक उपयोग झाला असता.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. ह्या हकीकतीवरून मराठी वृद्धा उपास करतात असे टिपण करून कोणी ते रुग्णालयाच्या भिंतीवर लावील, तर त्याने आमचा मुद्दा गमावला. क्लाइनमन ह्यांनीच पीटर बेन्सन ह्यांच्यासह २००६ साली ह्या वृत्तीवर टीका केली आहे. त्यांनी दिलेले उदाहरण पाहण्यासारखे आहे. एक मेक्सिकन गृहस्थ एच.आय.व्ही.ची बाधा असलेल्या आपल्या मुलाला वेळेवर दवाखान्यात आणीत नसे. ह्याच्या संस्कृतीत रोगाची कल्पनाच वेगळी असावी, असे डॉक्टरांनी धरले. चौकशीअंती निघाले ते असे की, त्याला रोगाची उत्तम माहिती होती. तुटपुंज्या पगारावर रात्रपाळीला बस चालवीत असल्याने त्याला वेळच मिळत नव्हता. संस्कृतीचे नाव घेऊन माणसाला न विचारणे, हाही न विचारण्याचाच एक प्रकार आहे.

बंगळूरसारख्या शहरात ह्या विचारण्याला दुसरा पर्याय नाही. २०११ च्या जनगणनेत येथील निम्म्याहून कमी लोकांनी कन्नड ही मातृभाषा सांगितली. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मल्याळम, मराठी अशा साऱ्या भाषांतील दुखणी येथील रुग्णालयांच्या दारी रोज उभी असतात. त्यांत आम्ही अधिकारी त्यातल्या त्यात सुखी. आमच्या हाती इंग्रजी आहे, सरकारी वैद्यकीय योजनेचे ओळखपत्र आहे, रजा आहे. ओडिशा, बिहार किंवा रायचूरकडून इमारतीच्या कामावर आलेल्या मजुराच्या हाती ह्यांतले काही नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून तो येतो आणि त्याचे बोलणे बेळगावची परिचारिकाही ओळखू शकत नाही. आमच्या घरात एवढे घडू शकते, तर त्याच्या झोपडीत काय घडत असेल, ह्याचा विचार मनात आल्याशिवाय आपले गाऱ्हाणे संपविणे आम्हांस उचित वाटत नाही.

आमच्या वाचकांकडून अपेक्षा लहान आहे. आईवडिलांबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा त्यांचे शब्द जसेच्या तसे, शक्य तितक्या तपशिलाने पोचवा. अर्थ लावण्याचे काम घाईने स्वतःकडे घेऊ नका. मुलापुढे आई सांगणार नाही अशा गोष्टी असतात. त्यासाठी सुनेला, शेजारणीला किंवा भाषा जाणणाऱ्या परिचारिकेला पुढे करा. उपास, काढा, मात्रा, अंगारा काहीही असो, ते डॉक्टरांपासून लपविण्याची लाज बाळगू नका.

आणि लेखकांकडून अपेक्षा मोठी आहे. बदलीच्या आणि पोटापाण्याच्या गावी राहणाऱ्या मराठी माणसांवर कथा-कादंबऱ्या पुष्कळ येतात. त्यांत भाषेची आठवण असते, सणांची हुरहूर असते. ह्या गावांत माणसे आजारीही पडतात, म्हातारी होतात, आणि परक्या लिपीतील पाट्या वाचीत शेवटच्या बाकावर बसून राहतात. त्यांच्या सोशिकपणाची स्तुती न करता त्यांना काय होते आहे एवढेच कोणी नीट लिहील, तर ते पुस्तक आम्ही ह्या पानांत आनंदाने परीक्षणास घेऊ. सातारच्या त्या आई आता बऱ्या आहेत. संकष्टीचा उपास त्या अजून करतात. डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी बदलून घेतली आहे. मन शांत करणारी गोळी बंद झाली.